शारजातलं मैदान

पडदा वर जातो तेव्हा समोर एक शटर आहे, नुकतंच वर सरकवलेलं. बोर्ली पंचतनच्या बाजारात बेकरीला लागून असलेली एक चिंचोळी जागा. आत मोठा टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, दाराशी चपलांचा ढीग. बासी ईदेची, म्हणजे ईदेच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ, हवेत अत्तर आणि खरपूस भाजलेल्या पावाचा वास. आणि मधोमध, पांढऱ्या झब्ब्याच्या बाह्या सरसावून, करमअली. चेहऱ्यावर रुबाब असा, की जणू घरचं लग्न आहे.

लग्नच होतं ते त्याचं. बोर्ली विरुद्ध भरडखोल, टीव्हीवर बटणं दाबून खेळायच्या फुटबॉलचा सामना. मासेमारीची बंदी चालू, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे भरडखोलची कोळ्यांची पोरं मोकळी. दरवर्षी याच दिवशी ती रिक्षा भरभरून यायची आणि ‘करमचाचा, पाणी’, ‘करमचाचा, पंखा’ असा गलका उठायचा.

त्या हाकेसाठीच तर दुकान होतं. करमअलीची सगळी जवानी शारजाच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्यात गेली. कायमचा परत आला तेव्हा गावानं सलाम केला, पण ओळखलं नाही. मुलं मोठी होऊन स्वतःच परदेशी निघून गेलेली. बाजारात त्याचं नाव ‘दुबईवाला’, आणि बोलणं दोन वाक्यांत संपायचं. मग त्यानं सोबत आणलेली खेळाची दोन यंत्रं मांडून हे दुकान थाटलं, आणि वर्षभरात तो गावाचा चाचा झाला.

दुश्मन एकच, खारी हवा. समुद्रावरचा दमट वारा यंत्रांच्या पोटात शिरायचा आणि आतल्या पट्ट्यांवर हिरवट बुरा चढायचा. करमअली स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून ती साफ करायचा, बायकोच्या केस वाळवायच्या यंत्रानं सुकवायचा. फिरोजा म्हणायची, “माझ्या केसांना एवढं जपलं असतं तर!”

मग शारजाहून पुतण्याचा, फैझानचा, फोन आला. “चाचा, ती खोकी फेकून द्या. आता खेळ क्लाउडवर असतो. यंत्र तिकडं दूर कुठंतरी, तुमच्याकडं फक्त टीव्ही, रिमोट आणि इंटरनेट. गंजायला काही उरतच नाही!”

गंजायला काही उरत नाही. करमअलीला हे वाक्य अजानीसारखं गोड लागलं.

इंटरनेटची तार ओढून देणारा गणराज तेव्हा म्हणाला होता, “चाचा, घ्यायचंच तर खातं इथलं घ्या. यंत्र जितकं जवळ, तितका खेळ चपळ.”

करमअली हसला. “इथल्या मिक्सरला तरी गल्फच्या मिक्सरची सर आहे का रे?”

यात त्याचं काही चुकलं असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. त्या किनाऱ्यावर चांगली वस्तू समुद्रापलीकडूनच यायची: ब्लँकेट, इस्त्री, अत्तर, दुधाची पावडर. मग खेळही तिकडचाच. फैझाननं शारजात स्वतःच्या नावानं खातं काढलं आणि चाचाला पासवर्ड पाठवला. जुनी यंत्रं भंगारात गेली. फिरोजा म्हणाली, “एक तरी ठेवा.” त्यानं ऐकलं नाही.

पहिले दिवस जादूचे होते. शेकडो खेळ, ना डिस्क, ना वाट पाहणं. मग पोरं कुरकुरायला लागली. इथं बटण दाबलं की निरोप समुद्र ओलांडून जायचा, तिकडचा खेळाडू लाथ मारायचा, आणि मग ते चित्र परत बोर्लीला यायचं. भरडखोलचा धनेश म्हणाला, “चाचा, बटण दाबायचं आन् मंग दुवा मागायची काय?” सगळे हसले, चाचाही हसला. एके दिवशी पोरांचा आवडता शर्यतीचा खेळ यादीतूनच गायब झाला, विचारायला कुणी नव्हतं. तरी सामना ठरला होता, आणि चाचानं शब्द दिला होता.

अंतिम फेरी. बरोबरी झालेली. शेवटची पेनल्टी धनेशची, आणि गोल राखायला बोर्लीकडून बेकरीवाल्याची जवेरिया.

“ये रे खलाशा, मार!” ती ओरडली. “की जाळं टाकतोस?”

“तू फक्त पाव सांभाळ गो!”

धनेशनं बटण दाबलं. चेंडू निघाला, हवेत उंच गेला, आणि तिथंच थांबला. पडदा काळा. त्यावर इंग्रजीत एक ओळ. जवेरियानं ती मोठ्यानं वाचली: हे खातं दुसरीकडं वापरात आहे.

करमअलीनं फैझानला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर. “ईद मुबारक, चाचा! अरे हां, माझ्या रूमवरचा सोबती लतीफ बसला असेल खेळायला, आज सुट्टी ना. एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी खेळता येतं.”

दुकानात हशा पिकला. धनेशचा काका काळूराम दाराशी उभा होता. तो हसला नाही.

“म्हंजे दुकान तुमचं, आन् चालवतो शारजातला लतीफ? आमची पोरं जिंकाया आली तवाच बरा आठवला त्याला खेळ!”

“काळूराम, अल्लाची कसम, मला ठाऊक नव्हतं.”

“व्हय, तुम्हाला कसं ठाऊक असल.”

लतीफ खेळून उठेपर्यंत रिक्षा निघून गेल्या होत्या. त्यानंतर भरडखोलात सांगितलं गेलं की चाचानं मुद्दाम तार उपटली. बोर्लीत सांगितलं गेलं की चाचाला काही कळत नाही. करमअलीला पहिलं जास्त लागलं. ज्या पोरांना त्यानं आपल्या हातानं पाणी पाजलं, त्यांच्या घरात तो लबाड ठरला होता.

पुढं फैझानची नोकरी सुटली आणि खातंही बंद पडलं. गणराज आपणहून म्हणाला, “इथलं काढून देतो, चाचा.” पण खेळायला येणार कोण? दोन्ही गावं समोरासमोर बसली नाहीत तर नुसत्या बोर्लीच्या पोरांना घरचा मोबाईल पुरेसा होता. करमअलीनं जागा मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला देऊन टाकली. त्याच्याकडं पुन्हा कुणी पाणी मागितलं नाही.

बंदी उठायच्या आधी धनेश दोर घ्यायला बाजारात आला. चाचाला बघून तो घुटमळला, मग मान खाली घालून जवळ आला.

“काकाचं मनावर घेऊ नका, चाचा. तोंड वायट हाय त्याचं.”

करमअलीनं सरकून त्याला शेजारी जागा करून दिली.

“एक इचारू? त्यो गोल झाला असता ना?”

करमअलीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हात ठेवूनही तो कुठंतरी लांबच पाहत होता.

“झालाही असेल, बेटा. पण तो शारजात झाला. आपल्याला कुणी कळवलं नाही.”