बांधावरचे पाच पेले

कोळी पकडण्याच्या तीन पद्धती मी कॉलेजात वीसेक वर्षं शिकवते आहे. पहिली, उलटी छत्री फांदीखाली धरून फांदीवर काठीचे दोन तडाखे द्यायचे आणि छत्रीत पडेल ते कुपीत भरायचं. दुसरी, गवतावरून जाळी फिरवायची. तिसरी आळशी माणसाची. जमिनीत काठापर्यंत पेला पुरायचा, तळाशी दोन बोटं द्रव ओतायचा, तीन खड्यांवर झाकण टेकवायचं आणि घरी जायचं. रात्री जमिनीवर धावणारे कोळी आपण होऊन आत पडतात. द्रव मात्र दहा-बारा दिवस टिकणारा हवा. अल्कोहोल उडून जातं, म्हणून मी गाडीच्या रेडिएटरमधलं हिरवं कूलंट पाणी मिसळून वापरत असे. ते गोड असतं आणि विषारी असतं. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या.

मुळशी धरणाच्या फुगवट्यात एक ओढा उतरतो. वर्षानुवर्षं गाळ आणून त्याने तोंडाशी पंख्यासारखी सपाटी केली आहे. पाणी ओसरलं की तिथे लव्हाळा माजतो, कडेला भातखाचरं आहेत आणि वर दाट झाडी. ऑक्टोबरच्या शेवटी, भात उभं असताना, मी आणि माझ्याकडे पीएचडी करणारी मुलगी तिथे गेलो. जमीनमालकांना विचारलं, ते खुशाल म्हणाले. पंधरा पेले झाडीत पुरले, पाच खाचराच्या बांधावर.

बारा दिवसांनी सकाळी आठला परत आलो तेव्हा भात कापून झालं होतं. चालायला बरं, एवढंच माझ्या मनात आलं. मग बांधावरचा पहिला पेला दिसला. झाकण लांब पडलेलं, पेला रिकामा, भोवती शेळ्यांचे ताजे ठसे. पाचही पेल्यांची तीच गत. तळाशी चार-दोन कोळी चिकटलेले होते, अजून ओले. म्हणजे फार वेळ झाला नव्हता.

उन्हाने सुकलं असेल, असं मुलगी म्हणाली. सुकत नाही म्हणूनच तर ते घातलं होतं. झाडीतले सगळे पेले आधी उपटून आण, असं तिला सांगून मी ठशांच्या मागे निघाले.

इकडे भात निघालं की खाचरं मोकळी होतात. मालक कोणीही असो, कापणीनंतर ज्याची जनावरं असतील तो चारतो. कोणी विचारत नाही, कोणी अडवत नाही. मालकांनी मला हे सांगितलं नव्हतं, कारण गावात हे कोणी कोणाला सांगत नाही. मी सातबाऱ्यावरच्या माणसाची परवानगी घेऊन निर्धास्त झाले होते.

शेळ्या ओढ्यापलीकडे सापडल्या. अकरा होत्या. त्यांच्यामागे साठीची एक बाई, हातात फांद्या ओढायची आकडी. मागच्या खेपेला तिने आम्हाला छत्री उलटी धरून फिरताना पाहिलं होतं आणि पाऊस वरून पडतो एवढं तरी शाळेत शिकवतात का, असं विचारलं होतं. आताही ती तसंच काहीतरी बोलणार होती. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. पेले उचलून गुपचूप गाडीत बसता आलं असतं, हा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही.

"मावशी, तुमच्या शेळ्यांनी बांधावरचं माझं औषध प्यायलंय. विषारी आहे ते."

"इख?" ती जागची हलली नाही. "वावरात इख कशापायी ठिवलंत?"

"कोळी पकडायला."

"कोळ्यानं काय खाल्लंय तुमचं?"

मी विचारलं, कोणत्या शेळ्या बांधावर होत्या? तिने आकडीने एक पांढरी दाखवली. गाभण होती. दाढीचे केस हिरवट ओले, आणि तो गवताचा हिरवा नव्हता. बाकीच्या दहा काळ्या. काळ्या केसांवर काही दिसत नाही. मी एकेकीचं तोंड धरून हुंगलं. सगळ्यांना शेळीचाच वास येत होता.

फोनला रेंज फक्त वरच्या चढावर होती. तिथून जनावरांचे डॉक्टर मिळाले. पोचायला दोन तास लागतील, म्हणाले, तोवर दारू पाजा. दारू पोटात असली की शरीर आधी तिच्या मागे लागतं आणि कूलंटचं विष बनायला वेळ जातो. मात्रा त्यांनी सांगितली, मी हातावर लिहून घेतली. एव्हाना मुलगी पेल्यांची पिशवी घेऊन आली होती. गाडीत पाच लिटर अल्कोहोल आहे म्हणत ती धावायलाच लागली, तिला मी हाताला धरून थांबवलं. प्रयोगशाळेचं स्पिरिट कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विष मिसळलेलं असतं.

दारूचं नाव काढल्यावर मावशी घराकडे गेली. तिच्या नवऱ्याची बाटली भाताच्या तुसात पुरलेली असते आणि हे आपल्याला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही, असं तिने परतल्यावर सांगितलं. बाटली अर्धीच होती. हिशेब केला, तिघींपुरती. कोणत्या तीन ते मावशीने ठरवलं. पांढरी, आणि कायम तिच्या मागेमागे असणाऱ्या दोघी. मी जबडे धरले, मुलीने ओतलं. पांढरी तोवर लटपटायला लागली होती. विषाने की दारूने, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

डॉक्टर आले, सुया टोचल्या, सलाइन लावलं. बाकीच्या आठ जणी त्यांनी तपासल्या. त्या रवंथ करत होत्या. जाताना मला बाजूला घेऊन ते म्हणाले की आज ठीक दिसणं खरं नव्हे, मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांनी जातात. लघवीवर लक्ष ठेवा.

त्यानंतर मी सकाळ-संध्याकाळ मावशीच्या सुनेच्या मोबाइलवर फोन करत होते. स्टाफरूममध्ये, बसमध्ये, एकदा तर परीक्षेच्या बैठकीतून बाहेर येऊन. मुतली का? मुतली. दुसरी? तीबी मुतली. तिसरी? तिसरीवर सून हसायला लागली, पण मला हसू येत नव्हतं. रात्री झोप लागली की ते पाच रिकामे पेले दिसत आणि मी प्रत्येकात किती होतं ते मोजत बसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन मावशीनेच घेतला. पांढरी उभी होती, चारा खात होती. एक काळी पाट, अजून न व्यालेली, पहाटे मेली होती. तिला आम्ही काही पाजलं नव्हतं.

मी गेले. माझ्याआधी पोचलेल्या डॉक्टरांनी शेळी उघडून पाहिली होती. मूत्रपिंडं सुजलेली होती, शंकेला जागा नव्हती. भरपाईचं मी बोलले. ते मालकाशी बोला, असं मावशी म्हणाली. मालक म्हणजे तिचा नवरा, पण घरच्या हिशेबाचं नंतर बघू म्हणत ती मला बांधाकडे घेऊन निघाली. तिथे तिने आकडीने जमीन दाखवली. पेले उपटले होते, खळगे तसेच राहिले होते, मनगट जाईल एवढे, सरळ कडांचे.

"ह्ये कोन बुजवनार? ह्यात खूर गेला तर पाय मोडतोय."

झाडीतले पंधराही तसेच आहेत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी ओढ्यातून पिशवीत गाळ भरून आणला. ती पुढे चालून खळगा दाखवायची, मी भरायचे आणि पायाने दाबायचे. दाबून झालं की ती स्वतःची टाच रोवून पाहायची. दोन ठिकाणी टाच आत गेली. तिथे मला पुन्हा भरायला लावलं. विसाव्या खळग्यापर्यंत दुपार झाली. मग बांधावर परतून तिने घराकडे तोंड करून हाक दिली आणि शेळ्या सोडायला सांगितल्या. त्या माझ्या अंगावरून बांधावर चढल्या. मी दहा मोजल्या आणि शेवटची पलीकडे उतरेपर्यंत तिथून हलले नाही.