शर्टांच्या कपाटातलं वाळवण

वर्ष उलटून गेलं तरी माझ्या सुरेशदादाच्या अंगाला शर्ट लागला नव्हता. चेष्टा नाही करत. इथल्या ओटाहुहु उपनगरातल्या फार्मसीत ज्या माणसाने अख्खी नोकरी कडक इस्त्रीच्या शर्टात काढली, तो भर जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, खोली तापवणाऱ्या हीट पंपासमोर उघडा बसून असायचा, फक्त उजव्या खांद्यावर पंचा टाकून. डाव्या कुशीत नागीण उठली होती. फोड सुकले, खपल्या गळाल्या, पण आग तिथेच मुक्काम ठोकून बसली. नुसतं कापड टेकलं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. नात ओवी शनिवारी आली की दारातूनच हात हलवायची, कारण एकदा तिने धावत येऊन मिठी मारली आणि आजोबा असा ओरडला की पोर घाबरून गाडीत जाऊन बसली. उघड्या अंगाने माणूस जाणार तरी कुठे? दादा घराबाहेर पडेनासा झाला.

आणि माझी वहिनी, वसुंधरा, दर रविवारी त्याच्या शर्टांना इस्त्री करायची. न घातलेल्या शर्टांना! मी त्यांच्याच मागच्या अंगणातल्या स्लीपआउटमध्ये राहते, एका खोलीच्या सुट्या घरात, त्यामुळे मला सगळं दिसतं. मी म्हटलं, वहिनी, वीज कशाला जाळतेस? तर म्हणे, लागेल तेव्हा चुरगळलेला नको.

गोळ्या सगळ्या करून झाल्या. एकीने डोकं सुन्न, दुसरीने तोंड कोरडं, तिसरीने दादा जेवताना झोपायचा. शेवटी डॉक्टरांनी गांजाच्या औषधाची गोष्ट काढली. इथे ते डॉक्टर रीतसर लिहून देतात. दादाने कानांवर हात ठेवले. जन्मभर दुसऱ्यांना औषधं दिली, आता म्हातारपणी गावाने गांजेकस म्हणावं का, म्हणाला. फार्मसीतली पोरंच बाटली काढून देणार, ती काय म्हणतील? झालं, विषय संपला.

वहिनीच्या मनातून मात्र तो संपला नव्हता. तिचं गणित सरळ होतं. नवऱ्याने तिच्या हातचं आजवर कधी नाकारलं नाही. करपलेली भाकरी म्हणू नका, खारट आमटी म्हणू नका, दादा मुकाट्याने खातो. बाटली नको तर नको. माझ्या हातचं असेल तर घेईल.

आता तिला गांजाचं रोप दिलं कुणी? तर शेजारच्या हुइयाताईंनी. माओरी बाई, म्हणजे इथल्या मूळ लोकांतल्या, सत्तरी ओलांडलेली, कुंपणावरून “किया ओरा” असा नमस्कार करत रोज काहीतरी द्यायच्या, कधी फिजोआची फळं, कधी पाल्याचं मलम. त्यांच्या स्वतःच्या हाडांत काहीतरी मोठं दुखणं शिरलं होतं आणि त्या स्वतःपुरतं झाड लावत. दादाचं ओरडणं त्यांना कुंपणापलीकडे ऐकू जायचं. ऑक्टोबरात, सगळे टोमॅटो लावतात त्या सुमाराला, त्यांनी दह्याच्या डब्यात लावलेलं वीतभर रोप वहिनीच्या हातात दिलं.

मी पाहिलं आणि माझं धाबं दणाणलं. अंगणात लावलेलं कायद्याने चालत नाही, हे मला काय माहीत नव्हतं? पोलीस आले तर मी तुझी नणंद नाही, भाडेकरू आहे असं सांगेन, असं मी वहिनीला स्पष्ट बजावलं. ती म्हणाली, सांग, आणि अंगणातल्या काचेच्या ग्लासहाउसमध्ये कढीपत्त्याशेजारी खड्डा खणायला लागली.

पण काय ते झाड वाढलं हो! तिथली भेंडी आणि टोमॅटो त्याच्यापुढे पोरसवदा दिसायला लागले. फेब्रुवारीत त्याला तुरे आले. एक दिवस वहिनीने मला हाताला धरून नेलं आणि दादाचं फार्मसीतलं भिंग डोळ्याला लावायला दिलं. मी बघितलं आणि भाडेकरू व्हायचं विसरूनच गेले. प्रत्येक तुऱ्यावर बारीक बारीक दाणे, दाण्यांना देठ, देठांवर थेंब, हजारो. साध्या डोळ्यांना नुसती पांढरी लव दिसते, आणि आत हे सगळं मांडून ठेवलेलं! थेंब आधी काचेसारखे असतात, मग दुधट होतात, साबुदाणा उलटा शिजावा तसे. दुधट झाले की काढायचं, असं हुइयाताईंनी सांगितलं होतं. मी कितीतरी वेळ भिंग सोडलं नाही. गाभाऱ्यात वाकून बघताना छाती भरून येते, तसं काहीतरी मला त्या ग्लासहाउसमध्ये झालं. खोटं कशाला बोलू?

आणि नेमक्या काढणीच्या वेळी हुइयाताईंना त्यांची मुलगी उत्तरेला आपल्या घरी घेऊन गेली. तब्येत खालावली होती. जाताना त्या कुंपणाशी थांबून एवढंच म्हणाल्या, सुकव आणि बरणीत मुरव. पुढचं सांगणार होत्या, पण वहिनीने हसून मान डोलावली. सुकवणं आणि मुरवणं! पापड, कुरडया, सांडगे, मोरांबे यांत जिचं आयुष्य गेलं तिला हे काय शिकवायचं?

इथेच गाडं घसरलं. एका सकाळी मी पाहते तर ओवीच्या ट्रॅम्पोलीनवर वहिनीने जुनं सुती पातळ अंथरलेलं, त्यावर सगळे तुरे पसरलेले, आणि वहिनी हातात काठी घेऊन, पायात जांडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घालून शेजारी बसलेली, मैना हाकायला. इथलं मार्चचं ऊन आपल्या वैशाखाला हार जात नाही. तुरे पार कडकडीत झाले. वहिनी खूश! मग चिनीमातीच्या बरण्या निघाल्या, तोंडाला पांढरे दादरे बांधले गेले, आणि रोज सकाळी बरण्यांना ऊन दाखवणं सुरू झालं. मोरांब्याला दाखवतात तसं, अगदी निगुतीने.

आठवड्याभराने दादरा सोडला तर आतून वास आला वैरणीचा. वास म्हणजे, वासच नव्हता. रंग उडालेला, बोटाने दाबलं की भुगा. वहिनीने चिमूटभर हातावर घेतलं आणि फुंकर घालावी तसं ते उडून गेलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! सहा महिने तिने त्या झाडाला बाळंतिणीसारखं जपलं होतं.

तिने हुइयाताईंना फोन लावला. ट्रॅम्पोलीनची गोष्ट ऐकून त्या इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि मुलीने फोन हातात घेतला. मग पुन्हा त्या आल्या आणि त्यांनी एकच विचारलं, झाडावर काही शिल्लक आहे का?

होतं ना. वहिनीच्या माहेरची रीत आहे, झाड कधी पुरतं ओरबाडायचं नाही. खालच्या फांद्या देवाच्या म्हणून सोडायच्या. आंबा असो, शेवगा असो की हे असो. मी तेव्हा तिला टोमणा मारला होता की या झाडाच्या फांद्या कुठला देव मागतो, तर ती शांतपणे म्हणाली होती, शंकर. त्या खालच्या चार फांद्या टोमॅटोच्या सावलीत राहून गेल्या होत्या आणि एव्हाना कुठे दुधट होत होत्या. एका रीतीने घालवलं, दुसरीने राखलं. मला त्याचं नवल अजून वाटतं.

या वेळी वहिनीने सगळं विचारून घेतलं, आणि सगळं उलटं निघालं. ऊन नाही, अंधार. घाई नाही. फांद्या उलट्या टांगायच्या, जिथे हवा खेळते पण उजेड येत नाही. कडकडीत करायचं नाही, नुसती बारीक काडी कट्कन मोडली की पुरे. मग पानं कातरायची, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरायचं, आणि रोज झाकण उघडून त्याला जरा श्वास घेऊ द्यायचा. ते अजून जिवंत आहे असं समज, असं हुइयाताई म्हणाल्याचं वहिनीने मला सांगितलं, आणि सांगताना तिने आवाज आपोआप खाली आणला.

अंधार आणि हवा अशी घरात एकच जागा होती. पाहुण्यांच्या खोलीतलं फटीफटीच्या दारांचं कपाट, ज्यात दादाचे शर्ट होते. वहिनीने शर्टांच्या मधल्या हँगरांना फांद्या टांगल्या. एक शर्ट, एक फांदी.

कातरायला मला बसवलं. भुवयांच्या कात्र्या घेऊन आम्ही दोघी स्लीपआउटचे पडदे ओढून बसलो. बोटांना असा चीक लागतो म्हणता! मी वैतागले, तर वहिनीने फणस कापताना लावतात तसं खोबरेल लावलं दोघींच्या हातांना आणि काम सुरळीत झालं. पण वासाचं काय करणार? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ओल्या मातीचा, संत्र्याच्या सालीचा, थोडा कापराचा, असा तो वास बरणीत दिवसागणिक गोल होत गेला. आज उघडलेली बरणी कालची नसायची. मी रोज काहीतरी निमित्त काढून झाकण उघडायच्या वेळेला हजर राहायला लागले.

शर्टांना तो वास बसला तो बसलाच, इस्त्रीनेही हटेना. आणि दादा फार्मासिस्ट. एका दुपारी तो उठला, वासाच्या मागे मागे गेला आणि कपाट उघडून उभा राहिला. मधल्या हँगरांवर आता काही नव्हतं, खाली बरण्या होत्या. आम्ही दोघी दारात. वहिनी पुढे, मी तिच्या पाठीआड.

“वसुंधरा, हे काय आहे ते मला कळतंय,” दादा म्हणाला. “कुणासाठी आहे?”

“शर्टांसाठी,” वहिनी म्हणाली.

दादाने एक बरणी उचलली, झाकण उघडलं, आणि बराच वेळ नाक आत घालून उभा राहिला. मग म्हणाला, तुपात घालावं लागेल, आणि अगदी थोडं. एवढंच. त्याच संध्याकाळी त्याने डॉक्टरांना फोन करून सगळं खरं खरं सांगितलं, कारण लपवून औषध घेणं त्याला जमणारं नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, रागावले, आणि काय सांभाळायचं तेही सांगितलं. औषध घेऊन गाडी चालवायची नाही हे त्यातलं पहिलं, आणि दादाने आजतागायत स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

वहिनीने मंद आचेवर तूप कढवलं, गाळलं, आणि गुळाच्या खड्यावर थेंबभर ठेवून नवऱ्याच्या तळहातावर दिलं. आधी देवापुढे ठेवलं, ते सांगायला नकोच. दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. ते आहे. पण पहिल्यांदा दादा रात्रभर झोपला, मग पंचा दोन्ही खांद्यांवर आला, मग एक सैल टी-शर्ट, पाच मिनिटं, दहा मिनिटं. वहिनी पाठमोरी राहून भांडी विसळत असायची आणि रात्री खिडकीची काच आरशासारखी होते, तिच्यात दादाला बघत असायची. कपाटातले शर्ट मात्र अजून तिथेच होते.

जून संपता संपता हुइयाताई गेल्या. मुलीचा फोन आला. त्यांच्यात देह काही दिवस मराएवर, म्हणजे त्यांच्या कुळाच्या सभाघरात, ठेवतात, सगळ्यांनी भेटायला यायचं असतं. मी आणि वहिनी जायला निघालो, तर दादा आतून पांढरा शर्ट घेऊन आला. वहिनी म्हणाली, टी-शर्ट चालेल हो, कुणी काही म्हणणार नाही. दादा म्हणाला, त्या बाईला भेटायला मी असातसा जाणार नाही. एकेक बटण त्याने स्वतः लावलं. डाव्या कुशीवरून कापड ओढताना थांबला, श्वास घेतला, पुन्हा ओढलं.

वाटेत मी गाडी चालवताना खड्डे चुकवत होते. वहिनीच्या मनात एकच होतं आणि माझ्याही. त्यांच्यात नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून भेटतात, आणि मग मिठी मारतात, घट्ट. कुणाला सांगणार की याला धरू नका?

रांगेत आमच्या पुढे दादा होता. हुइयाताईंच्या मुलीने त्याच्या कपाळाला कपाळ लावलं, दोघांनी एक श्वास घेतला, आणि मग व्हायचं तेच झालं. तिने त्याला कवटाळलं, हात नेमका डाव्या कुशीवर. वहिनीने माझं मनगट असं पकडलं की वळ उठले. दादा ओरडला नाही. मुलीने तोंड त्याच्या कॉलरमध्ये खुपसलं. मग एक खोल श्वास घेतला. मग आणखी एक.

“यू स्मेल लाइक मम्स वॉर्डरोब,” ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे हमसून हमसून रडायला लागली.

दादाने स्वतःला सोडवून घेतलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, कशाचं ते मी विचारलं नाही. तिची पाठ थोपटत, ती शांत होईपर्यंत, तो तसाच उभा राहिला.