तटावरची नऊ झाडं

तंजावूरला जाणार असाल तर राजवाड्याजवळच्या खंदकाकडे वाकडी वाट करू नका. तिथे आता पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. त्याला आम्ही जबाबदार आहोत.

साठच्या दशकाची सुरुवात होती. माझे मामा पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवत. त्यांना तंजावूरच्या अप्पांचं इंग्रजीत पत्र आलं. अप्पा तिथल्या मराठी घरातले निवृत्त शाळामास्तर. मराठी बोलत, पण देवनागरी लिहीत नसत. खंदकालगतच्या जुन्या तटावर पानफुटीच्या कुळातलं एक रानझाड उगवतं, असं त्यांनी कळवलं होतं. ते झाड सह्याद्रीच्या कड्यांवरसुद्धा तुरळक, कावेरीकाठच्या सपाट भातखाचरांत तर त्याची नोंदच नव्हती. मामा निघाले. माझं अक्षर बरं, म्हणून नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला मी.

मद्रासपर्यंत मेल, पुढे एग्मोरहून लहान रुळांची गाडी. तिसऱ्या वर्गात पाणी आपलं आपण न्यावं. तंजावूरच्या स्टेशनाबाहेर दोन आण्यांत पोटभर इडली मिळाली. दुपारी अप्पांकडे भात आणि डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ. मग तट.

दगडांच्या सांध्यांत नऊ झाडं होती. जाड पानं, पिवळ्या कळ्या.

"दरसाल तट खरवडायला माणसं येतात," अप्पा म्हणाले. "मी इथं उभा राहतो. त्यांस काफी पाजतो. एवढी नऊ सोडतात. तुम्ही एक घ्या, सार्. अजून बी धरलं नाही."

"एकानं भागत नाही. चार संग्रहालयांना नमुने पाठवावे लागतात."

"आमच्यात एकच पोरगी चार घरांस दाखवतात की!"

मामा मोठ्यानं हसले. अप्पा आमच्यासाठी काफी आणायला गेले.

मामांनी खुरपं काढलं. प्रत्येक संग्रहालयाला दोन, म्हणजे आठ. नववं, एखादं मोडलं तर म्हणून. सगळी मुळासकट. "मामा, ते एक म्हणाले होते," मी म्हटलं. "पिशवी नीट धर," मामा म्हणाले. मी धरली.

अप्पा पितळी पेले घेऊन आले. तटाकडे पाहिलं. पिशवीकडे पाहिलं.

"काफी निवेल," ते म्हणाले. "घ्या."

मामांनी घेतली. फक्कड झाली आहे, असंही म्हणाले.

या कुळातली झाडं कागदात दाबली तरी आठवडेच्या आठवडे जगतात. म्हणून आधी उकळत्या पाण्यात बुडवून मारतात. लॉजमध्ये स्टोव्हवर पातेलं चढलं. एकेक झाड मी बुडवलं.

पुण्यात चिठ्ठ्या लिहिल्या. मामा सांगत गेले: स्थळ, तंजावूर. आढळ, अत्यंत दुर्मिळ. संरक्षणाची गरज. मी सुवाच्य अक्षरात नऊ वेळा लिहिलं. मामांचं त्याबद्दल कौतुक झालं. ते कौतुक आठवलं की अजून माझ्या हाताच्या मुठी वळतात. त्यातली एक मूठ माझ्यासाठी असते.

महिन्याभरानं अप्पांचं पत्र आलं. तक्रारीचा एक शब्द नव्हता. ही झाडं कागदातही जिवंत राहतात असं त्यांनी कुठे तरी वाचलं होतं. एखादं पान अजून हिरवं असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळून पाठवाल का, असं विचारलं होतं.

मामा म्हणाले, "तू लिही काहीतरी."

मी लिहिलं नाही.