ताई म्हणा ना, पप्पा

बारावीची परीक्षा संपली त्या सुट्टीत मी एका पोरावर लई जळायचो, आणि तो पोरगा टीव्हीतला होता. जुनी काळी-पांढरी इंग्रजी सिरीयल. बायको वारलेला एक उंच माणूस, त्याचं एकुलतं एक पोरगं, माळावर घर, घोडे, बंदूक. मला ती मोबाईलवर सापडली, मी टीव्हीला जोडली, आणि पप्पा जालन्याच्या ऑफिसातून रेल्वेनं बदनापूरला आले की आम्ही जेवता जेवता पाहायचो. मम्मी गेल्यापासून घरात आम्ही पण दोघंच. पप्पाला इंग्रजी जास्त कळत न्हाई, मंग मी घास गिळत गिळत सगळं मराठीत सांगायचो.

आता जळायचो कशाला ते सांगतो. दर दोन-तीन भागांनी त्यांच्या गावात नवी बाई उतरायची. हसरी, बोलकी, पोराला खायला करून घालणारी. मला वाटायचं, संपलं ह्या पोराचं. पण बाप टोपीला हात लावून म्हणायचा, "मॅम". आणि भाग संपायच्या आत बाई घोडागाडीत बसून बिलकुल गायब. पोरगं परत बापाशेजारी निवांत. त्याचं नशीब बघा, आणि माझ्या घरी माझी आत्या. ती मागच्याच गल्लीत राहते आणि रोज येऊन पप्पाला एकच म्हणायची, "दादा, पोरगं उद्या शिकायला बाहेर जाईल. मंग भिंतीसंग बोलशील का?"

एकदा पप्पानी विचारलं, "हा सारखं मम्मी, मम्मी का करून राह्यला रे?"

"मम्मी न्हाई, मॅम. आपण अनोळखी बाईला ताई म्हणतो ना, तसंच."

पप्पानी भाकरीचा तुकडा हातातच धरला. "मंग याचं लग्न कसं जुळन? बाईला एकदा ताई म्हणलं की विषय खल्लास."

हे मला आधी का सुचलं न्हाई, असं झालं. उपाय इतका सोपा होता. पप्पाच्या तोंडून फक्त एकदा ताई निघायला पाहिजे, बस.

त्याच रविवारी आत्या एका बाईला घेऊन आली. "ह्या आष्टीच्या. शिलाईचं दुकान हाय यांचं. सहज आल्या." आष्टीहून बदनापूरला कोणी सहज येत न्हाई, दोन गाड्या बदलाव्या लागतात. आणि पप्पानी सकाळीच शर्टाला इस्त्री केल्ती. माझ्या दहावीच्या निकालाला बी केली नव्हती.

मी लगेच कामाला लागलो.

"पप्पा, ताईंना पाणी देऊ का?"

"दे की."

"पप्पा, ताईंना चहा साखरेचा का बिनसाखरेचा?"

"यांना विचार."

यांना. आत्या तिच्या नवऱ्याबद्दल बोलताना असंच म्हणते, यांना, यांचं. माझे कान गरम झाले. तरी मी चहा घेऊन परत आलो आणि म्हणलो, "पप्पा, विचारा ना ताईंना, चहा कसा झालाय."

बाईनं कप खाली ठेवला. "बाळा, तू मला ताई म्हण, बराबर हाय. पण दुसऱ्याच्या तोंडात कशाला कोंबून राह्यला?"

आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. पप्पा खिडकीतून बाहेर बघू लागले, पण ते पण हसून राह्यले होते, गालावरून कळत होतं.

त्यानंतर त्यांनी काय करावं? टीव्ही लावला. आमची सिरीयल. आणि मी त्यांना सांगितलेली सगळी गोष्ट ते तिला सांगू लागले, हा बाप, हे पोरगं, ह्याला मॅम म्हणायची सवय, माझेच शब्द, पण माझ्याकडं न बघता. एवढं तर ते माझ्यासंग महिन्यात बोलत न्हाईत. ती पण नीट ऐकत होती. मधीच म्हणली, "एवढ्या बाया येऊन गेल्या, पण ह्या पोराला कोणी विचारलं का, तुला काय वाटतं म्हणून?"

पप्पा म्हणले, "न्हाई बुवा." मंग माझ्याकडं बघून म्हणले, "काय रे?"

मला तिच्यावर खरंच चिडायचं होतं, पण तिनं प्रश्नच असा विचारला की चिडता येईना. मी म्हणलो, "यांची गाडी चुकन, जल्दी निघा."

यांची. माझ्याच तोंडातून निघालं. आत्यानं भुवई वर केली, मी पायात चप्पल घालायला वाकलो.

पप्पा तिला स्टँडवर सोडायला मोटारसायकल काढून राह्यले, तर मी म्हणलो, मी पण येतो.

"तिघं कसे बसणार?" आत्या म्हणली.

"मी मधी बसतो."

पप्पापेक्षा वीतभर उंच पोरगा मधी, गुडघे दोन्हीकडं बाहेर, मागं ती पर्स मांडीवर घेऊन. गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. रेल्वे फाटकाजवळ पप्पानी हळूच आरसा बाहेरच्या बाजूला वळवला, म्हंजी माझ्या खांद्यापलीकडचं दिसावं म्हणून. मी पण डोकं तिकडंच नेलं.

"सरळ बस," पप्पा म्हणले, "गाडी वळना."