सुलभाचा ठोकळा

सुलभा परब गेल्याचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरला भाजी घेत होतो. पलीकडून तिचा भाऊ बोलत होता. आजार माहीत होता, काय होणार तेही माहीत होतं, तरी ऐकून हात पिशवीतच राहिला...

अंधेरीतल्या आमच्या इंजिनिअरिंग संशोधन केंद्रात आम्ही दोघं बरोबरच लागलो. पुढे ती धातूंच्या चाचण्यांच्या विभागाची प्रमुख झाली, मी तिच्या हाताखाली आलो, पण अरे-तुरे सुटलं नाही. तिच्या विभागात रेखा रुजू झाली. कामाला चोख, पण जन्मापासून ऐकू न येणारी. समोरच्याच्या ओठांवरून बोलणं समजून घ्यायची. आम्ही मात्र मीटिंगमध्ये एकदम बोलणारे, एकमेकांची वाक्यं तोडणारे. ती मान वळवेपर्यंत विषय तिसऱ्याकडे गेलेला. मग सुलभाने प्रयोगशाळेतला ॲल्युमिनियमचा एक ठोकळा आणून टेबलावर ठेवला. ज्याच्या हातात तो, त्यानेच बोलायचं, आणि रेखाकडे तोंड करून. हा काय पोरखेळ मांडलास, असं मी विचारलं.

"गप रे. आधी हातात घे, मग बोल."

संचालकांनाही तिने सोडलं नाही. यात वेळ फार जातो, अशी त्यांची कुरकुर होती. "जाऊ दे ना सर, रेखापण मीटिंगलाच आलीय," म्हणत तिने ठोकळा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो उचलला आणि रेखाकडे तोंड केलं. हळूहळू कधीच तोंड न उघडणारी माणसंही बोलू लागली, कारण त्यांना मध्येच कुणी तोडेना. एकदा रेखाने ठोकळा घट्ट धरून, अडखळत्या आवाजात, आमच्या चाचणीतली चूक दाखवून दिली. त्या दिवशी सुलभाने सगळ्या विभागाला बटाटेवडे खिलवले.

शोकसभा त्याच खोलीत झाली. हार घातलेला फोटो भिंतीला टेकवला होता. जो तो पुढे जाऊन फोटोकडे तोंड करून बोलत होता. सुलभाने प्रत्येकाला कसं सामावून घेतलं, हे संचालकांनी भरभरून सांगितलं. मला काही बोलवणार नव्हतं, म्हणून मी मागे रेखाजवळ बसलो होतो. तिथून दिसत होत्या नुसत्या पाठी. सभा संपल्यावर तिने मला विचारलं, "मॅडमबद्दल काय बोलले सगळे?"

मी सांगायला गेलो आणि रडू फुटलं. रडणाऱ्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत.

मला वाटत होतं, आम्हाला सवय लागलीय. कसली सवय, सगळा सुलभाचा धाक होता. तिच्यामागे एवढंसुद्धा टिकलं नाही, हे मला सहन होत नाही. ठोकळा आता प्रोजेक्टरखाली टेकू म्हणून सारलाय. परवाच्या मीटिंगमध्ये मी तो काढून हातात घेतला आणि रेखाकडे वळलो. पडद्यावरचं चित्र वाकडं झालं. ठेव तो परत, असं सगळे एकदम बोलू लागले... आणि रेखा या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिली.