दक्षिणेच्या सात खिडक्या

आमचे उद्धवराव लातुरात घरांचे नकाशे काढून नाव कमावलेले, पण मनातून सुखी कधीच नव्हते. "जन्मभर कंपाउंडाच्या भिंतीच काढत राहिलो मी," म्हणायचे. रेणापूरहून शिकायला आले, तेव्हा प्रत्येक फाटकावर "कोण पाहिजे?" म्हणून अडवलं होतं, ते काही विसरले नाहीत. म्हणून नांदेड रस्त्यावरच्या नव्या खाजगी विद्यापीठाचं काम मिळालं, तेव्हा माणूस पार खुळावला. लग्नातसुद्धा एवढे हसले नव्हते. मी बायको आहे, मला माहीत.

यांच्या नकाशात रस्त्याकडं भिंत नाही, फाटक नाही. लांब ओसरी, तिला सात दारं, आत वाचनालय. कुणीही यावं, बसावं. समोर भाजी विकणाऱ्या विठाबाईंना यांनी भर रस्त्यात नकाशा उलगडून दाखवला. "मावशी, उन्हाचं इथं टेकायचं. कुणी उठवणार न्हाई."

घोडं अडलं दिशेवर. रस्ता आणि शहर दक्षिणेला. दक्षिणेला दार म्हणजे घात, असं वास्तुवाल्यानं विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या डोक्यात भरवलं. दारं पूर्वेला घ्या, म्हणाले. पूर्वेला काय, तर तुरीची शेतं. लई हुज्जत झाली. शेवटी यांनी शक्कल लढवली. पूर्वेला नावापुरतं एक फाटक काढलं. दारं होती तशीच, पार जमिनीपर्यंत ठेवली आणि नकाशावर लिहिलं 'खिडक्या'. वास्तुवाला खूश, अध्यक्षांची सही झाली. मी म्हटलं, "अहो, भांडायचं तर सरळ भांडा, ही लपवाछपवी कशाला?" पण ऐकतील तर ते उद्धवराव कसले.

काम संपत आलं आणि हे काविळीनं अंथरुणाला खिळले. उठून साइटवर गेले, तर सातही दारांना लोखंडी गज. ठेकेदार मलप्पा म्हणाला, "खिडकी म्हटली की गज आलेच की, साहेब. नकाशात तसंच हाय."

हे तसेच अध्यक्षांकडं गेले, खरं काय ते सांगून टाकलं. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही आम्हाला फसवत होता." गज काही निघाले नाहीत. रागानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती. वास्तुवाल्याचा राग, अध्यक्षांचा राग, आणि खरं सांगते, सगळ्यात जास्त यांचा.

उद्घाटनाच्या दिवशी हे आत गेलेच नाहीत. रस्त्यापलीकडं उभे राहिले, मी शेजारी. विठाबाई ओसरीवर चढून, गज धरून आत डोकावत होत्या. आतून वॉचमननं हटकलं, "ओ मावशी, व्हा बाजूला. आत यायचं तर पूर्वेच्या फाटकावर नाव सांगा." त्या रस्ता ओलांडून परत आल्या. यांना बघून तोंडभर हसल्या.

"खिडक्या लई मोठ्या काढल्या, साहेब. समदं दिसतंय आतलं."

बाई अगदी मनापासून बोलली. हे तिच्या टोपल्यांशेजारी मटकन खाली बसले आणि रडायला लागले. मला त्यांना उठवताही येईना.