फळ्यावरचा कम्पुटर

माझी माय मनकर्णा. उभा जन्म हातमागावर गेला, शाळेची पायरी चढली नाही. पण तिला शेंडी लावेल असा माणूस नागपुरात अजून जन्मायचा होता.

१९८७ साली मी अकरावीला संगणक विषय घेतला. दिवाळीआधी सरांनी बाबांना बोलावून सांगितलं, "सुमती कच्ची आहे. माझ्याकडे शिकवणी लावा, नाहीतर विषय बदला." बाबा लगेच तयार. सरांचा शब्द त्यांना काळ्या दगडावरची रेघ. मला रडूच फुटलं, कारण आमच्या वस्तीत शिकवणी लावत ती ढ पोरांना.

माय मागासाठी कांड्यांवर सूत भरत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "सरायच्या घरी कम्पुटर हाय का वं?"

"नाही. फळ्यावर शिकवतात."

"अन् कॉलेजात तू कितीक येळ बसते त्याच्यासमोर?"

खरं सांगावं लागलं. एकदाही नाही. दोनच संगणक, त्यांच्यापुढे मुलं. आम्ही मुली मागं भिंतीशी उभ्या राहून वहीत उतरवून घ्यायचो.

आता मात्र तिचे हात थांबले. "मागावर न बसवता कोणी इणकाम शिकते का? धोटा हातात देला नाई, अन् म्हणते पोरगी कच्ची."

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजात हजर. लुगड्याला सूत चिकटलेलं. मला तिची लाज वाटली. त्याबद्दल आज स्वतःचाच संताप येतो.

सरांनी तिला संगणकाच्या खोलीच्या दारातच अडवलं. "बाई, यातलं तुम्हाला काय समजतं?"

"काई नाई समजत. समजत असतं तं घरीच शिकवलं असतं. आधी पोरीले मशिनवर बसवा. मंग नाई जमलं, तं मीच तुमच्या घरी आणून सोडीन."

"आता मुलांचं काम चालू आहे."

"चालू द्या." आणि ती उंबरठ्यावरच मांडी ठोकून बसली.

दार लागेना. एसीची थंड हवा भसाभस बाहेर जाऊ लागली. संगणक तापतील या भीतीनं सर दोनदा दाराकडे आले, दोनदा परत गेले. शेवटी त्यांनी एका मुलाला उठवलं आणि मला बसवलं.

पहिल्याच ओळीत चुकले. मुलं हसली.

"हसू दे त्यायले," माय दारातून म्हणाली. "तू तुवं काम कर."

मी ओळ पुसली, पुन्हा लिहिली. तास संपेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही, आणि ती दारातून.